वणव्याच्या आधीची कामं

अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, रतनवाडी, साम्रद, घाटघर, पाचनई, कुमशेत या बाजूला, भात आणि नागलीच्या रोपासाठी उन्हाळ्यात राब भाजतात. जमिनीच्या लहानशा तुकड्यावर शेण पसरायचं, त्यावर तोडून वाळवलेल्या डहाळ्या, मग पालापाचोळा, वर गवत आणि शेवटी मातीचा पातळ थर. वारा जिकडे जातो त्या टोकाने पेटवायचं, म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडाला हळूहळू सरकते, धावत नाही. तणाचं बी भाजून जातं, राख मिळते, आणि पावसाच्या सुरुवातीला टाकलेलं रोप तणाशी न झगडता वर येतं. कृषी खातं गेली अनेक वर्षं गादीवाफ्याचा पर्याय सांगतं आहे, काही जणांनी तो घेतलाही आहे. पण ज्याच्याकडे वाफ्याला पाणी नाही आणि निंदणीला माणूस नाही, त्याला राब सोडणं परवडत नाही. ते एकदा मान्य केलं की पुढचं बोलणं सोपं होतं.

वणव्याबद्दल लिहायला बसून राबापासून सुरुवात केली, कारण नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) डोंगराला लागणारी आग आभाळातून पडत नाही. वळवाच्या विजा पावसाला बरोबर घेऊन येतात, त्यामुळे विजेने पेटलेला डोंगर आपल्याकडे क्वचितच असतो. बाकी सगळी आग माणसाच्या हातची. कुणाचा राब भडकतो, कुणी बांधावरचं गवत पेटवून घरी जातो, कुणी मोहाची फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतो, मध काढणाऱ्याचा पेटता बोळा खाली पडतो, तलावाकाठी तंबूत राहायला आलेले पाहुणे शेकोटी तशीच सोडून झोपतात. शिवाय ‘जाळलं की गवत चांगलं फुटतं’ ही जुनी समजूत आहेच. ती अगदी खोटीही नाही. वाळकं गवत नाहीसं झाल्यावर नवा कोंब लवकर दिसतो. पण जमिनीला मिळायचा तो नत्र धुरातून उडून जातो, आणि उघड्या पडलेल्या उतारावरची राख पहिल्याच जोराच्या पावसात ओढ्याला लागते.

एवढी कारणं मोजली की लक्षात येतं, यातले बरेच हात ओळखीचे आहेत. त्यामुळे इथली वणव्याची तयारी म्हणजे मुख्यतः शेजाऱ्याशेजाऱ्यांमधलं ठरवणं: कोण कधी पेटवणार, कुणाला सांगून पेटवणार, आणि हाताबाहेर गेलं तर हाक कशी पोचणार. पंप, बंब, ब्लोअर हे सगळं त्यानंतर.

आग कशी चालते हे आधी समजून घेऊ, कारण पुढची प्रत्येक गोष्ट त्यावर उभी आहे.

आपल्याकडचा वणवा बहुतेक वेळा जमिनीलगत पळतो. गवत, पाला, बारीक काटक्या हे त्याचं खाद्य. मोठी झाडं होरपळतात, पण ज्वाळा शेंड्याशेंड्यावरून उड्या मारत जाण्याचा प्रकार इथे फारसा नाही. पावसाळा संपल्यावर दिवाळीच्या आसपास गवत पिवळं पडू लागतं, फेब्रुवारी-मार्चात पानगळ होते, आणि दोन्ही एकावर एक साचतात. वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतं ते याच हिशेबाने. दिवसातली सगळ्यात वाईट वेळ दुपारी दोन ते चारची. हवेतला ओलावा तेव्हा सर्वांत कमी असतो, आणि उन्हाने तापलेल्या उतारावरून वारा खालून वर वाहतो.

चढ हा दुसरा मुद्दा. चुलीत लाकूड तिरकं लावलं की ज्वाळ वरच्या भागाला आधी वाळवते आणि मग धरते. डोंगरावर तेच होतं. सुमारे दहा अंशांचा चढ आगीचा वेग दुप्पट करतो, असा ऑस्ट्रेलियातल्या अग्निशास्त्रज्ञांचा ठोकताळा आहे. सह्याद्रीचे उतार दहा अंशांवर थांबत नाहीत. त्यातही घळ किंवा नाळ असेल तर ती धुराड्यासारखी ओढते. म्हणून आगीच्या वरच्या बाजूला, नाळेच्या तोंडाशी, कुणीही कधीही उभं राहायचं नाही. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या गवताळ डोंगरावर पदभ्रमंतीला गेलेल्या तरुण मंडळींना वणव्याने गाठलं आणि वीसहून जास्त जण गेले. हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर, महाशिवरात्रीच्या गर्दीत किंवा शनिवार-रविवारी, असंच कुणी अडकणार नाही असं समजायला काही आधार नाही. महाशिवरात्र तर नेमकी हंगामाच्या तोंडाशी येते.

रात्री वारा उलटतो. गार हवा डोंगरावरून खाली उतरते, ओलावा वाढतो, ज्वाळा बुटक्या होतात. आग विझवायला पहाटेची वेळ सगळ्यात चांगली. फक्त आपल्या भागात रात्रीचे कडे आगीपेक्षा धोक्याचे असतात, म्हणून वाट पाठ असल्याशिवाय अंधारात वर जाऊ नये. उजाडेपर्यंत थांबण्यात भित्रेपणा नाही.

आता ठरवण्याकडे येऊ. पहिली आणि सगळ्यात फायद्याची गोष्ट म्हणजे तारीख. राब, बांध, काडीकचरा, जे काही जाळायचं ते सगळ्यांनी ठरावीक दिवसांच्या आत, आळीपाळीने, माणसं हजर असताना जाळायचं. उत्तराखंडात अल्मोड्याजवळच्या शीतलाखेत भागात लोकांनी हे करून दाखवलं आहे. तिथेही शेताच्या कडेचं झुडूप जाळताना आग जंगलात जायची. त्यांनी ठरवलं की हे जाळणं ३१ मार्चपूर्वी आटपायचं, आणि १ एप्रिल हा ‘ओण दिवस’ म्हणून पाळायला सुरुवात केली. झुडूप जाळणं त्यांनी बंद केलं नाही, फक्त जंगल कोरडं होण्याआधी सरकवलं. गावोगावच्या महिला मंगल दलांनी हे उचलून धरलं.

आपल्याकडे तारीख तीच चालेल असं नाही. राबाचा पाला गोळा व्हायलाच फेब्रुवारी-मार्च उजाडतो, फार लवकर भाजला तर तणाला पुन्हा वेळ मिळतो. मग निदान दिवस आणि वेळ वाटून घ्यावेत. एका वाडीतले राब दोन-तीन सकाळींत उरकायचे. पहाटे पेटवायचं, नऊच्या आत विझलेलं असायला हवं, वारा सुटला तर त्या दिवशी नाही. राबाभोवती चार-पाच फूट जमीन आधी खरवडून काढायची. शेजारचा माणूस पाण्याचा हंडा आणि हिरवी डहाळी घेऊन तिथे उभा, आणि उद्या त्याच्या राबावर आपण उभं राहायचं. पूर्वी लावणीला इर्जिक चालायचं, तेच इथे. डोंगराच्या पायथ्याचा राब शेवटी ठेवू नये, तो पहिल्या दिवशीच घ्यावा, कारण शेवटच्या दिवशी सगळे दमलेले असतात आणि कुणी थांबत नाही.

अभयारण्याच्या हद्दीत मात्र वनाला धोका होईल अशी आग पेटवायची मुभा कुणालाच नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं, क्षेत्र ३६१.७१ चौरस किलोमीटर, आणि त्याच्या पोटात व कडेला माणसांची गावं आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याच्या कलम ३० नुसार अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने तिथे आग लावणं, पेटवणं किंवा पेटती सोडून जाणं याला मनाई आहे. राखीव वनासाठी भारतीय वन अधिनियम, १९२७ चं कलम २६ आहे. शेत आपलं आणि बांधापलीकडे वन, अशी जागा असेल तर राबाचे दिवस वनरक्षकाला आधी कळवावेत. त्याला नुसतं सांगितलं तरी त्याची हंगामी माणसं त्या सकाळी त्या बाजूला फिरतात.

दुसरं काम जाळपट्ट्याचं. वनखात्याच्या भाषेत जाळरेषा. आगीला खाद्य मिळणार नाही असा उघडा पट्टा काढायचा, एवढंच तत्त्व. पण पट्टा कुठे काढायचा हे नीट ठरवलं नाही तर श्रम वाया जातात. आधी गावाचा नकाशा जमिनीवर काढावा, शाळेच्या पटांगणात, चुन्याने. आयत्या तयार असलेल्या रेषा दाखवाव्यात: बैलगाडीची वाट, वाहता ओढा, नांगरलेलं शेत, डांबरी रस्ता. मग या रेषांमधल्या फटी दिसतात. काम फक्त फटींचं. पाणलोटातले समतल चर आग अडवतील असं काही जणांना वाटतं. चराच्या भरावावरच गवत सगळ्यात जोमात असतं, त्यामुळे ती रेषा धरू नये.

गवत हिरवट असतानाच, नोव्हेंबर-डिसेंबरात, पट्ट्याच्या दोन्ही कडा विळ्याने कापून खरवडून घ्यायच्या. मधला भाग वाळू द्यायचा. मग जानेवारीत एखाद्या पहाटे, दव असताना, मधला भाग जाळायचा, दोन्ही कडांना माणसं उभी करून. खात्याच्या जाळरेषा जागेप्रमाणे तीन ते बारा मीटर रुंद असतात. गावाच्या पट्ट्याला माझ्या मते दहा-पंधरा फुटांपेक्षा कमी रुंदी ठेवू नये, आणि गवत कमरेएवढं असेल तर दुप्पट. पट्टा वनजमिनीवर येत असेल तर वनरक्षकाशिवाय हात लावायचा नाही. खात्याची जाळरेषा जिथे संपते तिथे गावाचा पट्टा जोडला गेला पाहिजे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी दोघांच्या मध्ये शंभर-दोनशे फुटांची मोकळी जागा राहते, कारण ती नेमकी कुणाची हे ठरलेलं नसतं. आग तिथूनच येते.

पट्टा एकदा काढून भागत नाही. मार्चमध्ये वाऱ्याने पाला पुन्हा त्यावर येऊन पडतो. जंगलाच्या बाजूच्या पट्ट्यावर आठवड्याला एकदा खराटा फिरवावा लागतो. हे कंटाळवाणं काम आहे आणि तेच सगळ्यात आधी सुटतं. गुरं वळायला जाणाऱ्याने जाताजाता फांदीने झाडत जावं, असा नेम लावता आला तर उत्तम.

आता पूर्वेकडे जाऊ, कारण जिल्हा नुसत्या अकोले तालुक्याचा नाही. पारनेर, नगर, पाथर्डी, कर्जत या बाजूला पाऊस कमी, गर्भगिरीच्या रांगा गवताच्या, आणि तिथला वणवा वेगळा. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळविटांचं अभयारण्य अवघं २.१७ चौरस किलोमीटर आहे, १९८० पासूनचं. अशा ठिकाणी वाऱ्याला जोर असेल तर एका दुपारी सगळं संपू शकतं. गवताची आग झाडीच्या आगीपेक्षा खूप वेगाने पळते आणि लवकर विझतेही, त्यामुळे लोक तिला हलक्यात घेतात.

या बाजूच्या, पाणलोटाची कामं झालेल्या गावांपुढे एक कोडं आहे. चराईबंदी केली की गवत वाढतं, आणि राखलेलं गवत हे वाळल्यावर राखलेलं इंधन होतं. हिवरे बाजारने हे कोडं सरळ मार्गाने सोडवलं. १९८९-९० पासून पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. डोंगरावर गुरं सोडायची नाहीत, पण विळ्याने गवत कापून डोक्यावरून घरी न्यायला परवानगी. जनावरांना वैरण मिळाली आणि डोंगरावरचं वाळकं गवतही खाली आलं. हिवरे बाजारचं कौतुक पाण्यासाठी होतं आणि ते रास्तच आहे. पण वणव्याच्या नजरेने पाहिलं तर कापून नेण्याचा हा नियम मला पाण्याच्या बंधाऱ्यांएवढाच महत्त्वाचा वाटतो. ज्या गावांनी चराईबंदी घेतली आणि कापणीची वाटणी केली नाही, त्यांनी डोंगरावर गंज रचून ठेवली आहे. जानेवारीच्या आत कुणी कुठला पट्टा कापायचा, भारा किती, उरलेलं शेजारच्या गावाला विकायचं का, हे ठरवणं हाच तिथला जाळपट्टा.

लावलेल्या झाडांचंही तसंच. मार्च २०२१ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात पालवणच्या ‘सह्याद्री देवराई’ या वृक्षलागवडीत आग लागली होती. झाडं लावण्याचा उत्साह मोठा असतो, त्यांच्यातलं गवत काढायला पुढच्या हिवाळ्यात येणारे हात कमी.

घराभोवतीचं काम मोठं नाही. घराच्या चहूबाजूंनी तीसेक फूट जमीन झाडलेली असावी. कडब्याची गंज, भाताच्या पेंढ्याची उडवी, शेणीचा ढीग, सरपण हे सगळं घराला आणि गोठ्याला लागून नसावं. निदान पन्नास पावलं दूर, आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला तर नाहीच. कारवीच्या कुडाची भिंत असेल तर ती शेणामातीने नीट लिंपून घ्यावी, उघडी कारवी लगेच धरते. कौलांच्या फटींत, पत्र्याच्या पन्हाळीत अडकलेला पाला काढावा. गोठ्यात जनावरांची दावी ओढली की सुटतील अशा गाठीने बांधावी, आणि दाराशी एक विळा कायम खोचलेला असावा, दोर कापायला. शेवटचं म्हणजे, मालक घरी नसेल तर कुणाचा गोठा कोण उघडणार हे आधी ठरलेलं हवं. अकोल्याच्या आदिवासी भागातून उन्हाळ्यात बरीच माणसं नारायणगाव-जुन्नरच्या बाजूला मजुरीला जातात. मागे म्हातारी माणसं, बायका, मुलं. पावसाळ्यात केलेली स्वयंसेवकांची यादी मार्चमध्ये निम्मी खोटी असते. त्यामुळे यादी फेब्रुवारीत करावी, गावात खरोखर असलेल्यांची, आणि तीत बायकांची नावं आधी यावीत, कारण त्याच तिथे असतात.

हाकेची साखळी हा या सगळ्याचा कणा. ऑस्ट्रेलियात १९८३ च्या ‘ॲश वेन्सडे’च्या आगींत पंचाहत्तर माणसं गेल्यानंतरच्या दशकात, व्हिक्टोरिया राज्यात एकाच गल्लीतल्या शेजाऱ्यांचे छोटे गट बांधायला तिथल्या अग्निशमन यंत्रणेने सुरुवात केली. प्रत्येकाने पुढच्या दोघांना फोन करायचा, ही त्यांची रीत. पण त्यांच्याकडून एवढंच घ्यावं. तिथली नीलगिरीची झाडं तेलकट, निखारे कित्येक किलोमीटर उडतात, आणि ७ फेब्रुवारी २००९ ला एकशे त्र्याहत्तर माणसं गेल्यावर ‘लवकर बाहेर पडा’ यावरच तिथे भर आला. आपल्याकडे आग बहुतेक वेळा घरापर्यंत येण्याआधी डोंगरावर अडवता येते. माणसं पळवण्यापेक्षा माणसं बोलावणं हा इथला प्रश्न आहे.

बोलावण्यासाठी नगर जिल्ह्यातल्या अनेक गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. १८००२७०३६०० या क्रमांकावर गावातल्या नोंदलेल्या माणसाने फोन करून निरोप दिला की तो निरोप गावातल्या सगळ्या नोंदलेल्या फोनवर वाजतो. चोर-दरोड्यासाठी ती आली, वणव्यालाही चालते. वनखात्याची मदतवाहिनी १९२६, पोलीस आणि आपत्कालीन मदत ११२, रुग्णवाहिका १०८. हे चार क्रमांक शाळेच्या आणि मंदिराच्या भिंतीवर रंगवून घ्यावेत. त्याखाली आपल्या बीटच्या वनरक्षकाचा आणि वनपरिक्षेत्र कार्यालयाचा क्रमांक. अभयारण्याच्या भागात ती कार्यालयं राजूर आणि भंडारदऱ्याला आहेत.

घाटमाथ्यावरच्या निम्म्या वाड्यांत फोनला रेंज नसते, हे शहरात बसून आराखडे करणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. तिथे मंदिराचा भोंगा, शाळेची घंटा, तीही नसेल तर थाळी. खूण ठरलेली हवी. भजनाला वाजते तशीच घंटा वाजली तर कुणी बाहेर येणार नाही. रेंज मिळते तो खडक किंवा ती टेकडी कुठली, हे प्रत्येक वाडीला माहीत असतं. तिथे धावत जाऊन फोन करायचा माणूस नेमून ठेवावा. चपळ पोरगा हवा, सरपंच नव्हे.

उपग्रहावर विसंबून राहू नये. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या मदतीने आगीच्या सूचना देते, आणि कुणीही नागरिक आपल्या भागासाठी नाव नोंदवून त्या मोबाइलवर मिळवू शकतो. नोंदवावं जरूर. पण ज्या उपग्रहावरून ३७५ मीटरपर्यंत बारकाईने दिसतं तो आपल्यावरून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमाराला जातो. दुपारी तीनला लागलेली आग त्याला मध्यरात्रीनंतर दिसणार. समोरच्या डोंगरावर राहणाऱ्या म्हातारीला ती तीन वाजून पाच मिनिटांनी दिसते. तिच्याकडे फोन आणि ग्रामसुरक्षेचा क्रमांक आहे का, एवढंच पाहायचं.

समजा हाक आली. काय करायचं?

जाणाऱ्यांचे कपडे सुती, पायात बूट, डोक्याला आणि तोंडाला ओला पंचा. नायलॉनची साडी किंवा टी-शर्ट अंगावर वितळून चिकटतो. एकट्याने जायचं नाही, पाच-सहा जणांची टोळी, एक म्होरक्या, त्याचं सगळ्यांनी ऐकायचं. एक माणूस आगीपासून दूर, उंच पण सुरक्षित जागी, फक्त वारा आणि ज्वाळा पाहायला. त्याच्या हातात डहाळी नाही, शिट्टी. जाण्यापूर्वी कोण वर गेलं त्याची नावं कुणीतरी कागदावर लिहून घ्यावीत आणि उतरताना मोजावीत.

आगीच्या तोंडावर जायचं नाही. मागून, जळून गेलेल्या काळ्या जमिनीवरून शिरायचं, दोन्ही अंगांनी आग चेपत तोंडाकडे सरकायचं. काळी जमीन हीच पळायची जागा, ती कायम एका उडीवर असावी. करवंद, जांभूळ, निरगुडी, जी हिरवी पालेदार डहाळी हाताशी येईल तिने आग दाबायची, झोडायची नाही. जोरात झोडलं की ठिणग्या उडून पलीकडे पडतात. डहाळी ज्वाळेच्या बुडाशी आडवी ठेवून जळालेल्या बाजूकडे ओढायची. वनखात्याकडे पाठीवरचे ब्लोअर असतात. त्यांनी ज्वाळेपुढचा पाला उडवून रेषा फार पटकन निघते, पण ब्लोअर चुकीच्या बाजूला धरला तर तो आगीला वारा घालतो. तो शिकलेल्याच्याच हाती असावा. ज्वाळा माणसाच्या उंचीच्या वर गेल्या तर डहाळीचं काम संपलं. मागे सरकून पुढच्या वाटेवर किंवा ओढ्यावर रेषा धरावी. समोरून उलटी आग लावून वणवा मारायची पद्धत आहे, पण वनकर्मचारी बरोबर असल्याशिवाय ती करू नये. वारा फिरला की आपल्याच दोन आगींच्या मध्ये माणसं सापडतात.

भाजलं तर त्यावर साधं वाहतं पाणी, पुरती वीस मिनिटं. हळद, शाई, टूथपेस्ट काही नाही. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ सूज येण्याआधी काढून घ्यायचं, आणि १०८.

आग विझली असं वाटल्यावरचं काम सगळ्यात जास्त टाळलं जातं. कडेचे ओंडके, पोकळ बुंधे, शेणाचे गोळे आत धुमसत राहतात. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला की तेच पुन्हा पेट घेतात, आणि तेव्हा माणसं शेतात परतलेली असतात. कडेपासून आतल्या बाजूला पंधरा-वीस फुटांपर्यंत हाताच्या पाठीने ऊब पाहत फिरायचं, बुंधे फोडून माती टाकायची, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आळीपाळीने दोघं तिथे ठेवायचे. नुकसान झालं असेल तर साफसफाई करण्यापूर्वी फोटो काढावेत आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा.

राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव या कालव्याखालच्या ऊसपट्ट्याचं थोडक्यात. तिथे डोंगर नाही, पण उभा ऊस पेटतो, बहुतेकदा झोळ पडलेल्या विजेच्या तारा वाऱ्याने एकमेकींवर घासल्याने किंवा शेजाऱ्याने पाचट पेटवल्याने. पाचट न जाळता जागीच कुजवलं तर निम्मा प्रश्न सुटतो. लोंबणाऱ्या तारांची तक्रार महावितरणच्या १९१२ वर एकट्याने न करता, त्या तारेखालच्या सगळ्या शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात करावी आणि तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवावेत. आणि शेजारच्या उसात बिबट्याची पिल्लं असू शकतात, हे पाचटाला काडी लावणाऱ्याने एकदा तरी आठवावं.

हे सगळं कुठे ठरवायचं? वेगळी समिती काढायची गरज नाही. संयुक्त वन व्यवस्थापन समिती बऱ्याच वनाशेजारच्या गावांत कागदावर तरी आहेच. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत वन राखण्याचा अधिकार २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने ग्रामसभेला दिला आहे. अकोल्याचा अनुसूचित भाग पेसा कायद्याखाली येतो, तिथे वाडीची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते, आणि वणव्याचा विचार वाडीच्याच पातळीवर होतो. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पट्टे आणि कापणीची वाटणी ठरवावी, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत पट्टे झाले का ते पाहून राबाचे दिवस आणि माणसांची यादी पक्की करावी. दोन्ही बैठकांना वनरक्षकाला बोलवावं.

तिथे एक अवघड गोष्ट उघड बोलून घ्यावी लागते. वन अधिनियमाच्या कलम ७९ प्रमाणे, वनातून चराई किंवा वनोपजाचा हक्क वापरणाऱ्याने आग दिसताच खबर देणं आणि विझवायला लागणं बंधनकारक आहे. पण ज्याच्या राबातून ठिणगी गेली तो पहिला अर्धा तास एकटाच विझवत बसतो, कारण हाक मारली की नाव पुढे येणार, गुन्हा होणार, गाव दंड लावणार. तोच अर्धा तास महागात पडतो. गावाने स्वतःपुरता ठराव लिहून घ्यावा: ठरलेल्या दिवशी, माणसं उभी करून भाजताना आग निसटली आणि त्याने स्वतः आधी हाक मारली, तर गावाचा दंड नाही, न सांगता भाजणाऱ्याला आणि लपवणाऱ्याला आहे. वनखात्याचा गुन्हा ही वेगळी बाब, ती ग्रामसभा माफ करू शकत नाही. पण वनरक्षक त्या बैठकीत बसलेला असेल, तर आपणहून खबर देणाऱ्याच्या जबाबात काय लिहिलं जाईल, हे त्याला सगळ्यांसमोर विचारता येतं, आणि त्याचं उत्तर इतिवृत्तात नोंदवून घेता येतं.